वळिवड्याच्या आठवणीत शेजाऱ्यांनाही जागा द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर,
तसेच वळिवडे आणि गांधीनगर ग्रामपंचायतींचे सरपंच व सर्व सदस्य यांस,

विषय : वळिवडे छावणीच्या स्मृतिकार्यात सिंधी निर्वासित व स्थानिक ग्रामस्थ यांचा समावेश करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांनी आश्रय घेतला होता, हे आता कोल्हापुरातच नव्हे तर देशभर माहीत झाले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, महापुराचे पाणी ओसरून जेमतेम महिना झाला असताना, त्या छावणीत बालपण घालवलेली वृद्ध मंडळी पोलंडच्या शिष्टमंडळासोबत येथे आली होती. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा आपल्या गावाचे नाव पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी झाले. या सन्मानाचा मला मनापासून आनंद आहे. तरीही प्रत्येक समारंभानंतर माझ्या मनात एक रुखरुख राहते आणि ती आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समारंभात सांगितली जाणारी गोष्ट साधारणपणे अशी असते : संकटात सापडलेले लोक आले, कोल्हापूर संस्थानाने उदार मनाने आसरा दिला, पाहुणे कृतज्ञ राहिले. यात खोटे काही नाही. पण ही गोष्ट राज्यकर्ते आणि पाहुणे या दोघांतच संपते. छावणीच्या कुंपणापलीकडे राहणारा गाव त्यात दिसत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत जे सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि पोलिशांसारखे परत न जाता ज्यांनी येथेच घरे केली, ते तर मुळीच दिसत नाहीत. एकाच जागेवर लागोपाठ दोन निर्वासित समाज आले आणि आजूबाजूच्या शेतकरी गावांनी त्या दोघांशीही आपापल्या परीने नाते जोडले. महाराष्ट्रात दुर्मीळ असलेला हा अनुभव आपण अर्धाच जपत आहोत.

आधी पोलिशांविषयी. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत सक्तमजुरीसाठी नेण्यात आले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर त्यांची सुटका झाली. पोलिश सेनानी जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर त्यातले बरेच जण १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष युद्धावर गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे भारतात आणि आफ्रिकेत पाठवली गेली. नवानगर संस्थानच्या (आजचे जामनगर, गुजरात) जामसाहेबांनी तेथील बालाचडीत मुलांसाठी छावणी उघडली होती. वळिवड्याची वसाहत १९४३ मध्ये सुरू झाली आणि १९४८ पर्यंत चालली. चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथके असे सगळे असलेले ते एक लहानसे पोलिश गावच होते.

या दोन छावण्यांमधला एक फरक मला फार मोलाचा वाटतो. बालाचडीत बहुतेक अनाथ मुले असल्यामुळे जेवण सामुदायिक होते. वळिवड्यात मात्र कुटुंबे होती. त्यांच्या हातात भत्त्याची रोख रक्कम पडत असे आणि प्रत्येक घर आपली चूल वेगळी पेटवत असे. रोख पैसा हातात आला की माणूस बाजारात जातो, आणि बाजारात गेला की त्याला शेजाऱ्याशी बोलावेच लागते. शिधा रांगेत उभे राहून मिळाला असता तर पाच वर्षांत त्या बायकांची ओळख फक्त सरकारी कारकुनाशी झाली असती. तसे झाले नाही, कारण दूध, भाजी, अंडी आणि जळाऊ लाकूड आजूबाजूच्या गावांतून येत होते.

वळिवड्यातील एका वृद्ध आजींनी आपल्या सासूबाईंची आठवण मला सांगितली होती. सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन छावणीत अंडी आणि मेथी विकायला जात. त्यांचे म्हणणे आजींनी जसेच्या तसे सांगितले : “त्या बायका कुणाचं पैसं बुडवायच्या न्हाईत, पर घासाघीस केल्याबिगर एक अंडं घ्यायच्या न्हाईत.” हिशेब बोटांवर व्हायचा. एखाद्या दिवशी मोड नसली तर दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघ ओढली जायची आणि पुढच्या खेपेला पैसे मिळाले की ती रेघ पुसली जायची. मला या कोळशाच्या रेघेत छावणीचा खरा इतिहास दिसतो. एकीला दुसरीची भाषा येत नाही, एकीने सायबेरियात मूल पुरले आहे आणि दुसरीने कोल्हापूरपलीकडचे जग पाहिलेले नाही, आणि तरीही उद्या ही बाई इथेच असेल आणि आपले पैसे देईल एवढा भरवसा दोघींना आहे. कोणत्याही संस्थानाच्या आदेशाने असा भरवसा निर्माण होत नाही.

आणखी एक धागा आहे, ज्याचा उल्लेख मी कधीच कोणत्या भाषणात ऐकला नाही. मे १९४४ मध्ये इटलीतील मोन्ते कासिनोच्या लढाईत पोलिश सैनिक मोठ्या संख्येने पडले आणि त्यांच्यातील कित्येकांची कुटुंबे अशाच निर्वासित छावण्यांत पत्राची वाट पाहत होती. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही लढत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतील लढायांसाठीच, आणि घाडगे तर त्या लढाईतच कामी आले. आपल्या भागातील अनेक घरांतले पुरुष तेव्हा फौजेत होते. म्हणजे छावणीतल्या आणि गावातल्या काही बायका एकाच आघाडीवरून येणाऱ्या टपालाकडे डोळे लावून बसल्या होत्या. उपकार करणारा आणि उपकार घेणारा या जोडीत हे नाते बसत नाही, आणि मला वाटते म्हणूनच ते आपल्या भाषणांत येत नाही.

युद्ध संपले तरी या लोकांना परतीची वाट उरली नाही. त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. हळूहळू ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. काही थोडे पोलंडला परतले, आणि काही कोल्हापूरच्या मातीतच राहिले. येथील दफनभूमीतील त्यांच्या कबरींची निगा राखली जाते, याबद्दल संबंधित सर्वांचे आभार मानले पाहिजेत.

आता दुसऱ्या वस्तीकडे येतो. तिच्याविषयी अधिक लिहिणे मला भाग आहे, कारण तिच्याविषयी कमी लिहिले गेले आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंना वाटून घ्यायला पंजाब किंवा बंगालसारखा अर्धा प्रांतही भारतात उरला नव्हता. त्यांचा संपूर्ण प्रांत पलीकडे राहिला. मुंबई प्रांतातील रिकाम्या लष्करी छावण्यांत आणि बराकींत त्यांची सोय करण्यात आली. कल्याणजवळच्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले.

तो काळ कोल्हापूरच्या दृष्टीने कसा होता, हे विसरून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यानंतर या शहरात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिलेल्या शेजाऱ्यांमधला विश्वास एका दिवसात राख होऊ शकतो, हे कोल्हापूरने पाहिले ते नेमके याच काळात. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि जुनी व्यवस्थाही संपली. अशा अस्थिर दिवसांत परकी भाषा बोलणारे, वेगळ्या लिपीत लिहिणारे, घरदार आणि पेढ्या गमावलेले लोक येथे येऊन राहिले. त्यामुळे कोल्हापूरची माती मुळातच उदार आहे, किंवा शाहू महाराजांच्या पुण्याईने सर्व आपोआप घडले, असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे मला पटत नाही. शाहू महाराजांविषयी माझा आदर कोणाहूनही कमी नाही. पण महाराज १९२२ मध्येच गेले होते आणि १९४८ नंतरचा विश्वास जिवंत माणसांनी, रोजच्या व्यवहारात, थोडा थोडा करून उभा केला आहे. त्याचे श्रेय त्या माणसांना मिळाले पाहिजे.

तो सहज उभा राहिला असेही नाही. महाराष्ट्रात जेथे जेथे सिंधी वसाहती झाल्या तेथे स्थानिक व्यापाऱ्यांची एक तक्रार ठरलेली होती : हे लोक कमी नफ्यावर माल विकतात आणि आमचा धंदा बसवतात. ‘यांना सरकारने सगळे आयते दिले’ हे वाक्यही सर्वत्र ऐकू येत असे. उलट बाजूला, सर्वस्व गमावून आलेल्या माणसाला स्थानिकांचे अंतर राखणे बोचत असे. या दोन्ही भावना खऱ्या होत्या. पुढे गांधीनगर घाऊक कापडाची एवढी मोठी पेठ झाली की कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातील छोटे दुकानदार माल भरायला येथे येऊ लागले. ज्या कमी नफ्याविषयी तक्रार होती, त्याच्यावरच आसपासच्या गावांतील हमाल, टेम्पोवाले, शिंपी, खानावळी आणि किरकोळ दुकानदार यांचे पोट चालू लागले.

गणपतीच्या आधी गांधीनगरच्या कोणत्याही जुन्या दुकानात तासभर बसून पाहावे. मालवणकडचा एक दुकानदार परकर, साड्या आणि मुलांच्या कपड्यांचे गठ्ठे बांधून घेतो. मालक आपल्या भावाशी सिंधीत बोलतो, हमालाला अस्सल कोल्हापुरी मराठीत हाक मारतो आणि निपाणीच्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द कानडीतही बोलून घेतो. थोडे पैसे रोख दिले जातात. उरलेल्या रकमेचे काय, असे कोणी विचारत नाही. “नावे टाका, गणपती झाले की बघू,” एवढे सांगून दुकानदार निघतो, आणि मालक वहीत आकडा लिहून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. यात ना तारण आहे, ना जामीनदार. आजोबांच्या काळापासून त्या दुकानदाराच्या घरातून पैसे येत आले आहेत आणि या पेढीने कधी दुष्काळाच्या किंवा पुराच्या वर्षी तगादा लावलेला नाही, हीच दोघांची कागदपत्रे आहेत.

महोदय, ही गोष्ट मी आठवणींच्या हौसेने लिहीत नाही. निर्वासित आणि स्थानिक यांच्यातील विश्वास कशावर उभा राहतो, याचे उत्तर आपल्या या एका माळावर दोनदा मिळाले आहे. माणसाच्या हातात खर्चायला स्वतःचा पैसा हवा, त्याला फाटकाबाहेर येण्याजाण्याची मोकळीक हवी, आणि तो पुढच्या वर्षीही येथेच असेल याची शेजाऱ्याला खात्री हवी. उधारी देणारा दुकानदार सर्वांत आधी हेच पाहतो. पोलिशांना पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या, तिसरी मिळाली नाही. म्हणून त्यांचे नाते प्रेमाचे राहिले पण तात्पुरते राहिले. सिंधी बांधवांना राज्यघटनेने नागरिकत्व दिले, मत दिले, ग्रामपंचायतीत जागा दिली. म्हणून ते पाहुणे न राहता गावकरी झाले.

या ठिकाणी वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषीचे नाव घेतले पाहिजे. उमादेवी या नावाने भारतात राहिलेल्या, गांधीजींच्या अनुयायी असलेल्या या बाईंनी वळिवड्यातील पोलिश मुलांसाठी काम केले आणि पुढे आयुष्याचा उत्तरार्ध तिबेटी निर्वासितांच्या सेवेत घालवला. तिबेटी लोकांची एक वसाहत १९७२ पासून आपल्याच राज्यात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातील अनेक शहरांत स्वेटर विकायला येणाऱ्या या लोकांशी आपले नाते अजूनही मोसमी आहे. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाला किती स्थैर्य मिळेल, हे त्या त्या वेळच्या सरकारी धोरणावर अवलंबून राहते. वळिवड्याचा अनुभव नीट नोंदवला गेला, तर धोरण ठरवणाऱ्यांना तो उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

खुद्द गांधीनगरातही सर्व काही आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. निर्वासितांना दिलेल्या घरांच्या आणि भूखंडांच्या मालकीचा प्रश्न राज्यातील सिंधी वसाहतींत दशकानुदशके रेंगाळत राहिला आहे. कागद अर्धवट राहिला की घरात राहणारा म्हणतो हा माझा हक्क आहे, आणि शेजारचा गाव म्हणतो हे अतिक्रमण आहे. दोघेही आपापल्या माहितीप्रमाणे प्रामाणिक असतात. रस्ते, पाणी, सांडपाणी आणि वाहतूक यांवरून होणाऱ्या कुरबुरींनाही मग ‘ते आणि आम्ही’ असा रंग चढतो. दोन समाजांनी सत्तर वर्षे जपलेला विश्वास कार्यालयातल्या एका प्रलंबित फाइलीमुळे झिजतो, हे मला सर्वांत जास्त खुपते. मालकीची प्रकरणे कालबद्ध रीतीने निकाली काढावीत, आणि प्रत्येक निर्णयाची माहिती वसाहतीबरोबरच आजूबाजूच्या गावांनाही लेखी द्यावी, ही माझी जिल्हा प्रशासनाला पहिली विनंती आहे. शेजाऱ्याला अंधारात ठेवून दिलेला न्याय्य निर्णयसुद्धा संशय वाढवतो.

दुसरी विनंती स्मृतिकार्याविषयी आहे. वळिवड्यात संग्रहालय उभारण्याची चर्चा वेळोवेळी होते. ते जेव्हा होईल तेव्हा त्यात पोलिश छावणीची छायाचित्रे असावीतच. पण त्याच छपराखाली सिंधी कुटुंबांनी सोबत आणलेल्या वस्तू, त्यांचे बराकीतील पहिल्या वर्षांचे अनुभव आणि ग्रामस्थांच्या आठवणीही असाव्यात. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर किंवा गायरानावर ही छावणी वसली, त्यांच्या नोंदी जुन्या फेरफारांतून शोधून त्यांची नावे तेथे लावावीत. आसरा देणाऱ्यांत त्यांचाही वाटा होता, आणि तो त्यांना विचारून घेतला गेला होता की नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले जावे.

जुन्या पेढ्यांमधील कीर्द आणि खतावण्या वाचवणे हे काम तर संग्रहालयाची वाट न पाहता सुरू झाले पाहिजे. पहिल्या पिढीतील कित्येक व्यापारी हिशेब सिंधी लिपीत लिहीत. त्यांची नातवंडे मराठी आणि इंग्रजी शाळांत शिकली. त्यांना ही अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून दुकानाची डागडुजी निघाली की वह्या रद्दीत जातात. कोणत्या गावाच्या कोणत्या दुकानदाराला किती माल, किती मुदतीने दिला आणि तो पैसा केव्हा जमा झाला, हे त्या वह्यांत आहे. या दोन समाजांमधल्या विश्वासाचा याहून पक्का पुरावा कोठेही मिळणार नाही. ती लिपी वाचणारी माणसे आता वृद्ध आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या मदतीने या वह्यांची छायाचित्रे घेणे आणि वाचणाऱ्यांकडून त्या वाचून घेणे फार खर्चाचे काम नाही. गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी कुलूपबंद कपाटे उघडण्याची तयारी दाखवली आणि वळिवडे, चिंचवाड, गडमुडशिंगी, उचगाव या गावांतील तरुणांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, तर वर्षभरात मोठा संग्रह उभा राहील.

तिसरी गोष्ट दोन्ही ग्रामपंचायतींच्या हातातली आहे. जुन्या बराकींचे जे काही अवशेष, जोती आणि भिंती आजही घरांच्या आणि गोदामांच्या आड उभ्या आहेत, त्यांची पाहणी करून यादी करावी आणि त्यांपैकी किमान एक वास्तू मालकाच्या संमतीने, त्याला योग्य मोबदला देऊन जतन करावी. तेथे राहणाऱ्याला आपले घर अचानक ‘वारसा’ ठरल्यामुळे दुरुस्तीलाही परवानगी मिळणार नाही अशी भीती वाटू नये, म्हणून त्याच्याशी आधी बोलावे.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वळिवडे आणि गांधीनगर या दोन्ही ग्रामपंचायतींनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि शक्य झाल्यास त्या दिवशी दुपारी एकत्र बसावे, अशी माझी विनंती आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाने त्या बैठकीस महसूल आणि पुरातत्त्व विभागांचे प्रतिनिधी पाठवावेत. वह्यांच्या आणि आठवणींच्या संकलनासाठी लागेल तेवढा वेळ द्यायला मी, आणि माझ्याबरोबर परिसरातील काही निवृत्त शिक्षक, तयार आहोत. बैठकीची वेळ कळवल्यास आम्ही उपस्थित राहू.

आपला विश्वासू,
करवीर तालुक्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षक